खरं बोलणारे, खोटं बोलणारे: तर्ककोडी पायरीपायरीनं कशी सोडवायची

दोन प्रकारची माणसं. एक प्रकार नेहमी खरं बोलतो, दुसरा नेहमी खोटं. दोघं-तिघं एकेक वाक्य बोलतात आणि कोण कोणत्या प्रकारचा ते आपण सांगायचं. नियम एवढाच, तरीही उत्तरं सर्रास चुकतात आणि बहुतेक वेळा त्याच दोन जागी. पहिली जागा म्हणजे खोटं बोलणाऱ्याचं वाक्य उलटवताना ते अर्धवट उलटवणं. दुसरी म्हणजे एक शक्यता जुळली की दुसरी न तपासताच उत्तर लिहून मोकळं होणं. खालचा क्रम या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. तो सांगितला तसाच पाळा. विशेषतः दुसरा टप्पा गाळू नका.

## तयारी: कोड्याचे नियम आधी, वाक्यं नंतर

माणसांची वाक्यं वाचण्याआधी कोड्याची प्रस्तावना नीट वाचा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या.

१. प्रकार किती आहेत? फक्त दोन, की कधी खरं कधी खोटं बोलणारा तिसराही आहे? तिसरा असेल तर पद्धत बदलते. ती शेवटी दिली आहे.

२. प्रत्येक प्रकारचं कोणीतरी असलंच पाहिजे का? 'या बेटावर खरे आणि खोटे असे दोन प्रकारचे लोक राहतात' याचा अर्थ समोर उभ्या असलेल्या तिघांत दोन्ही प्रकार आहेत असा होत नाही. तिघंही खोटे असू शकतात. 'यातला नेमका एक खोटा आहे' असं कोड्यानं स्पष्ट सांगितलं असेल, तरच ते धरा.

३. माणसांना एकमेकांचे प्रकार माहीत आहेत का? सहसा असतात. शंका असेल तर प्रस्तावना पुन्हा वाचा.

आता खुणा ठरवा. माणसांना अ, ब, क, ड म्हणू. नेहमी खरं बोलणारा तो 'खरा', नेहमी खोटं बोलणारा तो 'खोटा'. माणूस खरा किंवा खोटा, वाक्य खरं किंवा खोटं. कागदावर खऱ्यासाठी १ आणि खोट्यासाठी ० पुरेसं आहे.

सगळ्या कोड्यांचा पाया असलेला नियम एकच आहे. तो कागदाच्या माथ्यावर लिहा:

बोलणारा खरा असेल तर त्याचं वाक्य खरं. बोलणारा खोटा असेल तर त्याचं वाक्य खोटं. आणि हे उलट दिशेनंही चालतं: वाक्य खरं निघालं तर बोलणारा खरा, खोटं निघालं तर बोलणारा खोटा.

उलट दिशा विसरली जाते. प्रत्यक्षात निम्मी कोडी तिच्यामुळेच सुटतात, कारण वाक्य खरं की खोटं हे पुष्कळदा बोलणाऱ्याविषयी काही कळण्याआधीच ठरवता येतं.

इशारा: खोट्या माणसाचा हेतू शोधू नका. तो फसवायला बघतोय, काहीतरी लपवतोय, कोणाला वाचवतोय असे विचार इथे कामाचे नाहीत. तो फक्त असं वाक्य बोलतो जे खोटं आहे. तेवढंच वापरायचं.

## टप्पा १: वाक्यं शब्दशः उतरवा

कोण बोललं आणि काय बोललं, एका ओळीत एक. आपल्या शब्दांत सारांश करू नका. कोडं शब्दांच्या नेमकेपणावर उभं असतं. उतरवताना या जागी थांबा:

- एक, एकच, एक तरी. 'आमच्यात एक तरी खोटा आहे' म्हणजे एक, दोन किंवा सगळेही खोटे चालतील. 'आमच्यात एकच खोटा आहे' म्हणजे नेमका एक. नुसतं 'एक खोटा आहे' असेल तर दोन्ही अर्थांनी सोडवून बघा. सहसा एकाच अर्थानं एकमेव उत्तर मिळतं.
- सगळे खोटे नाहीत. याचे दोन अर्थ निघतात: 'एक तरी खरा आहे' किंवा 'एकही खोटा नाही'. कोणता घेतला ते शेजारी लिहून ठेवा.
- आम्ही की बाकीचे? 'आम्ही सगळे' यात बोलणारा धरला जातो, 'बाकीचे सगळे' यात धरला जात नाही. घाईत हा फरक निसटतो.
- किंवा. तर्ककोड्यांत 'हे किंवा ते' म्हणजे दोन्ही असलं तरी चालतं. 'दोन्हींपैकी एकच' असं म्हटलं असेल तरच दोन्ही एकदम बाद.
- वाक्यातलं वाक्य. 'ब म्हणाला, की अ म्हणाला की तो खोटा आहे' इथे बोलणारा ब आहे. ब खोटा निघाला तर फक्त 'अ असं म्हणाला' एवढंच खोटं ठरतं. अ खरा की खोटा, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

## टप्पा २: प्रत्येक वाक्याचा नकार आधीच लिहून ठेवा

बहुतेकांना हा टप्पा अनावश्यक वाटतो आणि बहुतेकांचं उत्तर इथेच चुकतं. सोडवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक वाक्याच्या उजवीकडे एक रकाना आखा आणि त्यात 'हे वाक्य खोटं असेल तर नेमकं काय खरं असेल' ते लिहा. गुंतागुंतीच्या मधोमध, डोक्यातल्या डोक्यात केलेला नकार भरवशाचा नसतो.

नेहमी लागणारे नकार असे:

- 'ब आणि क दोघेही खरे' याचा नकार: दोघांपैकी एक तरी खोटा. 'दोघेही खोटे' हा नकार नव्हे.
- 'ब किंवा क खोटा' याचा नकार: दोघेही खरे.
- 'सगळे खोटे' याचा नकार: एक तरी खरा.
- 'एक तरी खोटा' याचा नकार: सगळे खरे.
- 'नेमका एक खोटा' याचा नकार: एकही नाही, किंवा दोन अथवा जास्त. यातलं 'एकही नाही' हमखास विसरलं जातं.
- 'किमान दोन खोटे' याचा नकार: एक किंवा एकही नाही.
- 'अ आणि ब एकाच प्रकारचे' याचा नकार: एक खरा, एक खोटा.
- 'जर प, तर फ' याचा नकार: प खरं आहे आणि तरीही फ खोटं आहे.

पहिल्या दोन ओळींना तर्कशास्त्रात डी मॉर्गनचे नियम म्हणतात. नकार देताना 'आणि'चा 'किंवा' होतो, 'किंवा'चा 'आणि' होतो, आणि प्रत्येक तुकडा उलटतो. फक्त तुकडे उलटवले आणि मधला 'आणि' तसाच ठेवला, की अर्धवट नकार तयार होतो.

'जर-तर'वर थोडं जास्त थांबायला हवं. समजा अ म्हणतो, 'मी खरा असेन, तर ब खोटा आहे.' अ खोटा आहे असं धरून बघा. मग 'मी खरा असेन' हा भागच खोटा. आणि ज्या जर-तर वाक्याचा 'जर' भाग खोटा असतो, ते वाक्य तर्कशास्त्रात खरं मानलं जातं, कारण ते मोडण्याची संधीच आली नाही. म्हणजे खोट्या माणसानं खरं वाक्य बोललं. हे शक्य नाही. म्हणून अ खरा आणि त्याच्या वाक्यामुळे ब खोटा. 'अ खोटा असेल तर ब खरा' असा उलटा जर-तर इथे करायचा नसतो. जर-तरचा नकार म्हणजे दुसरं जर-तर नव्हे; ते एक ठाम विधान असतं.

तपासणी: लिहिलेला नकार बरोबर आहे का, हे बघण्याची सोपी कसोटी आहे. मूळ वाक्य आणि नकार दोन्ही एकदम खरे होतील अशी परिस्थिती शोधा. नंतर दोन्ही एकदम खोटे होतील अशी शोधा. यातली एक जरी सापडली तरी नकार चुकला. 'दोघेही खरे' आणि 'दोघेही खोटे' या जोडीला लावून बघा: एक खरा आणि एक खोटा असेल तर दोन्ही वाक्यं एकदम खोटी. म्हणजे ते एकमेकांचे नकार नाहीत.

## टप्पा ३: फुकट मिळणारी माहिती आधी उचला

काही वाक्यं अशी असतात, की काहीही गृहीत न धरता त्यांच्यातून उत्तराचा तुकडा हातात येतो. शक्यता तपासण्याआधी अशी वाक्यं हुडका.

- 'मी खोटा आहे.' हे कोणीही म्हणू शकत नाही. खऱ्यासाठी ते खोटं, खोट्यासाठी ते खरं. म्हणून 'अ मला म्हणाला, की तो खोटा आहे' असं ब सांगत असेल, तर ब खोटाच.
- 'मी खरा आहे.' हे दोघेही म्हणतात. यातून काहीही कळत नाही. सरळ बाजूला ठेवा.
- 'आम्ही दोघेही खोटे आहोत.' बोलणारा खोटा, दुसरा खरा.
- 'आमच्यापैकी एक तरी खोटा आहे.' बोलणारा खरा, दुसरा खोटा.
- 'ब खरा आहे' असं अ म्हणाला: अ आणि ब एकाच प्रकारचे.
- 'ब खोटा आहे' असं अ म्हणाला: अ आणि ब वेगवेगळ्या प्रकारचे.
- 'मी आणि ब एकाच प्रकारचे आहोत' असं अ म्हणाला: ब खरा. अ विषयी काही कळत नाही.
- 'मी आणि ब वेगळ्या प्रकारचे आहोत' असं अ म्हणाला: ब खोटा. अ विषयी काही कळत नाही.

शेवटच्या दोन ओळी पाठ करून भागत नाही, त्या का खऱ्या आहेत ते कळलं पाहिजे. अ खरा असेल तर 'एकाच प्रकारचे' हे खरं, म्हणून बसुद्धा खरा. अ खोटा असेल तर ते दोघे वेगळ्या प्रकारचे, आणि अ खोटा असल्यामुळे ब पुन्हा खराच. दोन्ही वाटा एकाच जागी येतात. अशा वेळी बोलणाऱ्याचा प्रकार कळला नाही तरी बिघडत नाही.

## टप्पा ४: सुरुवात कोणापासून करायची ते निवडा

फुकटची माहिती संपली की कोणाला तरी खरा किंवा खोटा धरून पुढे जायचं. सवयीनं सगळे अ पासून सुरू करतात. त्यापेक्षा असा माणूस निवडा, ज्याला खरा धरल्यावर सर्वांत जास्त गोष्टी एकदम ठरतात. 'ब आणि क दोघेही खरे' म्हणणारा माणूस चांगला, कारण तो खरा धरला की तिघंही ठरले. 'ब किंवा क खोटा' म्हणणारा माणूस खरा धरून फारसं काही हाती लागत नाही. उलट त्याला खोटा धरला तर ब आणि क दोघेही लगेच खरे ठरतात. म्हणजे माणसाबरोबर कोणत्या बाजूनं सुरुवात करायची हेही निवडा.

ज्याच्याविषयी दोघं-तिघं बोलतात, तोही चांगला. त्याचा प्रकार ठरला की बाकीच्यांची वाक्यं आपोआप खरी किंवा खोटी ठरतात, आणि वर लिहिलेल्या नियमाची उलट दिशा तिथे कामाला येते.

## टप्पा ५: दोन्ही फांद्या शेवटपर्यंत न्या

पूर्ण उदाहरण घेऊ.

अ: 'ब आणि क दोघेही खरे आहेत.'
ब: 'अ खोटा आहे.'
क: 'अ आणि ब एकाच प्रकारचे आहेत.'

पहिली फांदी: अ खरा. मग ब आणि क दोघेही खरे. पण ब म्हणतो अ खोटा आहे, आणि ब खरा आहे. म्हणजे अ खोटा. विरोध आला. ही फांदी बंद.

दुसरी फांदी: अ खोटा. टप्पा २ मधला नकार उचला: ब आणि क यांपैकी एक तरी खोटा. आता ब चं वाक्य बघा. 'अ खोटा आहे' हे खरं ठरलं, म्हणून ब खरा. दोघांपैकी एक तरी खोटा हवा आणि ब खरा आहे, म्हणून क खोटा. क चं वाक्य तपासा: अ खोटा, ब खरा, म्हणजे ते एकाच प्रकारचे नाहीत. वाक्य खोटं, क खोटा. जुळलं.

उत्तर: अ खोटा, ब खरा, क खोटा.

आता चुकीचा नकार घेऊन हेच कोडं कसं फिसकटतं ते बघा. अ खोटा म्हणून 'ब आणि क दोघेही खोटे' असं लिहिलं, तर ब खोटा. मग 'अ खोटा आहे' हे वाक्य खोटं, म्हणून अ खरा. विरोध. दोन्ही फांद्या बंद झाल्या आणि सोडवणारा म्हणतो, कोडंच चुकलंय. दोन्ही फांद्या मोडल्या तर कोड्याला दोष देण्याआधी नकारांचा रकाना तपासा. बहुतेकदा चूक तिथेच सापडते.

इशारा: एका फांदीत विरोध आला नाही म्हणून ती खरी ठरत नाही. अ म्हणतो 'ब खरा आहे', ब म्हणतो 'अ खरा आहे'. दोघेही खरे धरा, जुळतं. दोघेही खोटे धरा, तेही जुळतं. पहिली फांदी जुळल्यावर थांबलेला माणूस 'दोघेही खरे' असं उत्तर देतो आणि ते सिद्ध झालेलं नसतं. उत्तर एकमेव आहे असं तेव्हाच म्हणा, जेव्हा दुसरी फांदी मोडलेली तुम्ही स्वतः पाहिली असेल.

तपासणी: उत्तर मिळालं की मागची सगळी आकडेमोड झाका. फक्त उत्तर आणि मूळ वाक्यं समोर ठेवा. प्रत्येक वाक्य या उत्तरात खरं आहे की खोटं ते लिहा आणि बोलणाऱ्याच्या प्रकाराशी ताडून बघा. एकही वाक्य सोडू नका, ज्याचा सोडवताना उपयोग झाला नाही तेसुद्धा.

माणसं तीन असतील तर एकूण शक्यता ८, चार असतील तर १६, पाच असतील तर ३२. तिघांच्या कोड्यात तर्कानं अडलात तर आठ ओळींचा तक्ता सरळ मांडा. त्यात कमीपणा काहीच नाही. पाच माणसांना मात्र आधी टप्पा ३ वापरून शक्यता कमी करा.

## टप्पा ६: मोजणीची वाक्यं आली तर माणसं सोडा, आकडा धरा

चौघं बोलतात. अ: 'आमच्यात किमान एक खोटा आहे.' ब: 'किमान दोन खोटे आहेत.' क: 'किमान तीन.' ड: 'चारही.'

इथे एकेक माणूस धरत बसलात तर सोळा शक्यतांत हरवाल. त्याऐवजी खोट्यांची संख्या न धरा. न खोटे असतील तर पहिली न वाक्यं खरी आणि उरलेली खोटी. म्हणजे खरे न जण. खोटेही न जण. एकूण चार, म्हणून न म्हणजे २. अ आणि ब खरे, क आणि ड खोटे.

हेच कोडं तिघांवर लावून बघा: अ 'किमान एक', ब 'किमान दोन', क 'तिघेही'. तीच मांडणी केली तर न आणि न मिळून ३ व्हायला हवेत, आणि ते होत नाही. या कोड्याला उत्तरच नाही. खरे-खोटे तिघं मिळून ही वाक्यं बोलूच शकत नाहीत. 'उत्तर नाही' हेही पूर्ण उत्तर असतं, फक्त ते असं कारणासकट यायला हवं.

'नेमके' असलेली वाक्यं वेगळी वागतात. चौघं अनुक्रमे 'नेमका एक', 'नेमके दोन', 'नेमके तीन', 'नेमके चार खोटे' असं म्हणाले, तर ही वाक्यं एकमेकांना छेद देतात, म्हणून जास्तीत जास्त एकच खरं. एकही खरं नसेल तर चारही खोटे, आणि मग ड चं वाक्य खरं होतं, विरोध. म्हणून नेमकं एक खरं, खोटे तीन, आणि खरा क.

## टप्पा ७: साखळी आणि वर्तुळ

प्रत्येक जण फक्त पुढच्याविषयी बोलत असेल तर फांद्या पाडायची गरज नाही. 'पुढचा खोटा आहे' या वाक्यानं प्रकार बदलतो, 'पुढचा खरा आहे' या वाक्यानं तोच राहतो. साखळीभर फक्त बदल मोजा.

साखळी वळून पहिल्या माणसापाशी आली तर बदलांची संख्या सम असायलाच हवी, नाहीतर पहिला माणूस स्वतःच्याच उलट ठरतो. म्हणून तिघं गोल बसून प्रत्येक जण 'माझ्या उजवीकडचा खोटा आहे' म्हणत असतील, तर ते अशक्य. चौघं म्हणत असतील तर एकाआड एक खरे-खोटे, आणि अशा मांडण्या दोन.

याच्याच जवळचं, पण कितीतरी फसवं: दहा जण गोल बसलेत आणि प्रत्येक जण म्हणतो, 'माझे दोन्ही शेजारी खोटे आहेत.' खरे किती? घाईत उत्तर येतं, पाच. नकार लिहून बघा. खऱ्याचे दोन्ही शेजारी खोटे, म्हणजे दोन खरे शेजारी-शेजारी बसत नाहीत. खोट्याच्या शेजाऱ्यांपैकी एक तरी खरा, म्हणजे तीन खोटे सलग बसू शकत नाहीत, कारण मधल्याला खरा शेजारीच उरणार नाही. तेव्हा दोन खऱ्यांच्या मध्ये एक किंवा दोन खोटे. खरे पाच असतील तर प्रत्येक फटीत एकेक खोटा, जुळतं. खरे चार असतील तर सहा खोटे चार फटींत २, २, १, १ असे बसतात, तेही जुळतं. खरे तीन असतील तर तीन फटींत जास्तीत जास्त सहा खोटे मावतात आणि हवेत सात. सहा खऱ्यांना किमान सहा फटींत सहा खोटे लागतात आणि आहेत चारच. उत्तर: चार किंवा पाच.

## टप्पा ८: उत्तर ऐकू न आलेली कोडी

काही कोड्यांत माणसानं काय उत्तर दिलं ते सांगितलेलंच नसतं. उदाहरणार्थ: एका वाटसरूनं अ ला विचारलं, 'तुम्हा दोघांत कोणी खरा आहे का?' अ नं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलं, आणि त्यावरून वाटसरूला दोघांचेही प्रकार कळले. ते कोणते?

इथे वाक्य नाही म्हणून बरेच जण हात टेकतात. खरी माहिती 'वाटसरूला कळलं' यात आहे. दोन्ही उत्तरं धरून बघा. 'हो' असेल तर अ खरा आणि ब कोणीही, किंवा दोघेही खोटे. तीन शक्यता उरतात, वाटसरूला काही कळलं नसतं. 'नाही' असेल तर अ खरा असू शकत नाही. तो खोटा, त्याचं 'नाही' खोटं, म्हणजे कोणीतरी खरा आहे आणि तो ब. एकच शक्यता. वाटसरूला कळलं, त्याअर्थी उत्तर 'नाही' होतं. अ खोटा, ब खरा.

## टप्पा ९: प्रश्न तुम्हाला विचारायचा असेल तर

दोन रस्ते, त्यांतला एक योग्य, समोर दोन माणसं, आणि त्यांतल्या एकाला हो किंवा नाही अशा उत्तराचा एकच प्रश्न. इथे सगळ्यांना एक प्रश्न तोंडपाठ असतो: 'दुसऱ्याला विचारलं तर तो डावा रस्ता योग्य आहे असं म्हणेल का?' मिळालेलं उत्तर उलटं करायचं. हा प्रश्न बरोबर आहे, पण समोर नेमका एक खरा आणि एक खोटा असेल आणि दोघांना एकमेकांचे प्रकार माहीत असतील तरच. दोघेही खोटे असण्याची शक्यता असेल तर तो निकामी होतो: दुसरा काय चुकीचं सांगेल ते पहिला उलटवून सांगतो आणि योग्य रस्ताच तुमच्या कानी पडतो. तुम्ही तो उलटा करता आणि भलतीकडे जाता.

एकटा माणूस समोर असेल, किंवा प्रकारांची खात्री नसेल, तर प्रश्न त्याच्याविषयीच विचारा: 'डावा रस्ता योग्य आहे का, असं मी तुला विचारलं, तर तू हो म्हणशील का?' खऱ्याचं उत्तर सरळच. खोट्याचं बघा: डावा रस्ता योग्य असेल तर थेट प्रश्नाला तो 'नाही' म्हणाला असता; आता 'हो म्हणशील का' याबद्दलही त्याला खोटं बोलायचंय, म्हणून तो 'हो' म्हणतो. डावा चुकीचा असेल तर याच रीतीनं 'नाही'. दोनदा उलटून उत्तर सुलट झालं. इथे उत्तर उलटं करायचं नाही.

तपासणी: कोणताही प्रश्न ठरवला की चार ओळी लिहा: खरा आणि डावा योग्य, खरा आणि उजवा योग्य, खोटा आणि डावा योग्य, खोटा आणि उजवा योग्य. प्रत्येक ओळीत मिळणारं उत्तर भरा. डावा योग्य असलेल्या दोन्ही ओळींत एक उत्तर आणि उजव्याच्या दोन्ही ओळींत दुसरं, असं झालं तरच प्रश्न चालतो.

## टप्पा १०: तिसरा प्रकार, लहरी

कधी खरं, कधी खोटं बोलणारा लहरी आला की माथ्यावरचा नियम त्याला लागू होत नाही. त्याच्या वाक्यातून काहीही काढू नका. 'ब खोटं बोलतोय' आणि 'ब खोटा आहे' यांतही आता फरक पडतो: लहरी माणूस आत्ता खोटं बोलत असेल, पण तो खोटा नव्हे. आणि 'अ खरा नाही' यावरून 'अ खोटा' असा निष्कर्ष निघत नाही. दोन प्रकारांच्या कोड्यांची सवय लागलेले इथे हमखास घसरतात.

तिघांत एक खरा, एक खोटा, एक लहरी.

अ: 'मी लहरी नाही.' ब: 'अ खोटा आहे.' क: 'ब लहरी आहे.'

एकूण मांडण्या सहाच, म्हणून माणूस न धरता मांडण्या गाळा. फुकटची माहिती आधी: 'मी लहरी नाही' हे खोट्याच्या तोंडी खरं ठरतं, म्हणून तो ते म्हणणार नाही. अ खोटा नाही. उरल्या चार मांडण्या. ब चं वाक्य आता नक्की खोटं आहे, म्हणून ब खरा नाही. उरल्या तीन. अ खरा, ब लहरी, क खोटा असेल तर क चं वाक्य खरं होतं; बाद. अ लहरी, ब खोटा, क खरा असेल तर क चं वाक्य खोटं होतं; बाद. उरलं एकच: अ खरा, ब खोटा, क लहरी.

अशा तिघांना तुम्हीच प्रश्न विचारायचे असतील, तर किती लागतील ते आधी मोजा. हो-नाहीच्या दोन प्रश्नांनी जास्तीत जास्त चार शक्यता वेगळ्या होतात, मांडण्या सहा आहेत, म्हणून किमान तीन प्रश्न हवेत. तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोस यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या कोड्यात हीच तीन पात्रं आहेत, शिवाय 'हो' आणि 'नाही' यांसाठी ती जे दोन शब्द वापरतात, त्यांतला कोणता कशासाठी तेही माहीत नाही. आधी भाषा माहीत असलेलं रूप सोडवा. अज्ञात शब्दांची भर नंतर.

पहिल्या प्रश्नात उत्तर शोधायला जाऊ नका. त्याचं काम फक्त लहरी नसलेला माणूस हेरणं. अ ला विचारा: 'ब लहरी आहे का, असं मी तुला विचारलं, तर तू हो म्हणशील का?' उत्तर 'हो' असेल तर एक तर अ स्वतः लहरी, नाहीतर ब लहरी. दोन्ही परिस्थितींत क लहरी नाही. उत्तर 'नाही' असेल तर अ स्वतः लहरी, किंवा ब लहरी नाही हे खरं. दोन्ही परिस्थितींत ब लहरी नाही. आता त्या बिनलहरी माणसाकडे वळा आणि उरलेले दोन प्रश्न त्यालाच, याच साच्यात विचारा: 'तू खरा आहेस का, असं विचारलं तर हो म्हणशील का?' आणि 'अ लहरी आहे का, असं विचारलं तर हो म्हणशील का?' दोन्ही उत्तरं खरी मिळतात आणि तिघांचेही प्रकार ठरतात.